पेठ विरुद्ध पेठ : कोल्हापुरातली एक सेमी फायनल

जानेवारीत एका रात्री लेकीनं मला मोबाईलवर एक जुनी क्लिप दाखवली. २०२१ च्या जानेवारीतली. इंग्लंडच्या एफए कपमध्ये टॉटनहॅमसारखा बडा संघ मरीन नावाच्या क्लबाच्या मैदानावर खेळायला आलेला. मरीन हा लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीचा क्लब, तिथल्या व्यवस्थेत आठव्या पायरीवरचा. मैदानाच्या एका अंगाला घरांची परसं. करोनामुळे प्रेक्षकांना बंदी, म्हणून शेजारीपाजारी आपापल्या परसातून डोकावून सामना बघत होते. मरीन ५-० नं हरलं. पण १८७१ साली सुरू झालेल्या त्या स्पर्धेत आजही अशा छोट्या क्लबांना पात्रता फेऱ्यांपासून खेळत वर येता येतं, हे लेकीला फार आवडलं होतं. ती बारा वर्षांची आहे, शाळेच्या संघात लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडच्या बचावात, खेळते. तिनं विचारलं, "आपल्याकडे असं नसतं का गं? घराच्या मागच्या दारातून बघता येईल असं फुटबॉल?"

माझं आजोळ कोल्हापूर. मी लगेच मामांना फोन लावला. ते म्हणाले, "टीव्हीवरचं बघून डोळं फुटतील पोरीचं. उन्हाळ्यात स्पर्धा लागल्या की कळवतो, घेऊन ये."

एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. शनिवारी सेमी फायनल. समोरासमोर दोन तालमी : एक मामांच्या पेठेची, दुसरी मामींच्या माहेरच्या पेठेची. मी या सामन्याबद्दल लिहिणार म्हटल्यावर मामांनी एकच अट घातली, तालमींची नावं घालायची नाहीत. "नाव घातलंस की लोक सामना वाचायचे न्हाईत, पेठ वाचतील." म्हणून इथं मी मामांची पेठ आणि मामींची पेठ एवढंच लिहिते आहे.

शुक्रवार

महामार्गाच्या रुंदीकरणामुळे पाच तासांचे सात झाले. मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले. मामी ताट वाढूनच बसल्या होत्या. हात धुतोय न धुतोय तोच मामा म्हणाले, "चल, तालीम बघून येऊ. आज सगळी हाईत तिथं."

तालीम म्हणजे काय हे पुण्यात वाढलेल्या मुलीला सांगून समजत नाही, दाखवावंच लागतं. दुमजली जुनी इमारत. खाली कुस्तीचा हौदा, त्यात तांबडी माती. त्या मातीत ताक, लिंबू, हळद आणि तेल मुरवलेलं असतं. दारातच त्याचा आंबूस-गोडसर वास येतो. भिंतीवर मारुती, शाहू महाराज आणि मग ओळीनं फुटबॉल संघांचे फोटो. सगळ्यात जुन्या फोटोत निम्म्या खेळाडूंच्या पायात बूट नाहीत. वरच्या मजल्याच्या कठड्यावर उद्याच्या जर्सी वाळत घातलेल्या आणि त्याखाली बसून एक सत्तरीचे गृहस्थ नंबरांवर बोट ठेवून त्या मोजत होते. दोनदा मोजल्या. मग वहीत लिहिलं.

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि या गावात पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या. पेठेतला मुलगा तालमीत वाढतो. गणपती तालमीचा, कित्येक ठिकाणी मोहरमचे पंजेही तालमीतच बसतात, त्यासाठी राबणारी मुलं तीच. कोल्हापुरात फुटबॉल आलं ते याच घरात शिरलं. म्हणून इथल्या संघांची नावं ऐकताना बाहेरच्या माणसाला कुस्तीचे फड आठवतात : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे केएसएच्या, वरिष्ठ गटात असे सोळा संघ खेळतात. आधी लीग होते आणि मग पाऊस येईपर्यंत एकामागून एक चषक स्पर्धा. त्या बाद पद्धतीच्या. हरलात की घरी.

जर्सी मोजणाऱ्या आजोबांनी लेकीला विचारलं, "खेळतीस व्हय?"

"हो. लेफ्ट बॅक."

ते तिच्या पायांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "डाव्या पायाची हाईस?" तिनं हो म्हटल्यावर त्यांनी मामांकडे वळून बघितलं, जणू त्यांच्यापासून काहीतरी मोलाचं लपवून ठेवलं होतं. "डाव्या पायाचं पोरगं मिळत न्हाई हो कुठं."

परतताना लेक अंधारात दोनदा डाव्या पायानं दगड उडवत चालली.

शनिवार, सकाळ

मामांनी सहालाच उठवलं. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायचं होतं. म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि पितळी भांड्यातून उंचावरून ग्लासात दूध ओततात. ग्लासावर चार बोटं फेस उभा राहतो. दूध कोमट असतं, त्याला किंचित गवताची चव असते. मी लहानपणी नाक मुरडायचे. आता दोन ग्लास प्यायले.

ज्यानं ओतून दिलं तो वीस-बावीस वर्षांचा पोरगा, अंगात विटलेली फुटबॉलची जर्सी, पाठीवर पाच नंबर. शेजारी त्याचे वडील म्हशीखाली बसलेले. लेक ग्लास हातात घेऊन फेसाकडे बघत थांबली, तर तो म्हणाला, "फेस आधी प्यायचा असतोय. थांबलीस की बसतोय त्यो."

ती प्यायली. ओठावर पांढरी मिशी आली. तिनं विचारलं, "दादा, ही जर्सी कुणाची?"

तो काही बोलायच्या आत मामांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आज त्याला बोलवायचं न्हाई. चारला उतरायचं हाय त्याला." मग त्याच्याकडे बघून, अगदी हळू : "निवांत खेळ रं." पोरानं मान हलवली, दोघं हसले नाहीत. चार पावलं पुढं आल्यावर मामा म्हणाले, "मामीच्या माहेरचा स्टॉपर हाय, बचावात मधोमध उभा ऱ्हातोय. चांगला हाय. आज आमच्यात नसंल, एवढंच."

मला तो क्षण फार आवडला. त्याच माणसाच्या हातचं दूध पिऊन संध्याकाळी त्याच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसायचं, आणि सकाळी त्याला बोलण्यात गुंतवायचं नाही.

पुढे मिसळ. बाहेरच्यांसाठी सांगते, कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव मागू नका, ब्रेडच्या स्लाइस येतात आणि त्याच बऱ्या लागतात. कट त्यांत जास्त मुरतो. कट तिखटापेक्षा खमंग असतो. पोह्याचा चिवडा, मटकी, शेव आणि वर तेलाचा लाल तवंग. मुलांसोबत असाल तर कट वेगळ्या वाटीत मागा, कुणीही आनंदानं देतं.

मिसळ खाता खाता मी शेजारच्या टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं. स्थानिक पानावर अर्ध्याहून जास्त जागा फुटबॉलला. आजच्या दोन्ही संघांची संभाव्य नावं, कुणाचा गुडघा दुखतोय, कोण पिवळ्या कार्डाच्या कात्रीत आहे. लेकीनं ते पान तीनदा वाचलं. पाच नंबरचं नाव सापडल्यावर तिनं त्याखाली नखानं रेघ ओढली. याच गावचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला, हे तिला आधी माहीत होतं. पण त्याच्या मागे एवढी मोठी रांग उभी आहे हे तिला त्या पानावर दिसलं. मलाही.

दुपारपर्यंत खासबागेत भटकलो. शाहू महाराजांनी बांधवलेलं कुस्तीचं मैदान, १९१२ सालचं. मधे हौदा आणि भोवती वर चढत गेलेली गोल बैठक, कुठूनही कुस्ती बघताना कुणी आडवं येत नाही. मामा म्हणाले, "महाराजांना एवढं कळत हुतं, की बघणारा बी खेळात असतोय." खासबागेतच राजाभाऊंची भेळ आहे. ती सामन्यानंतरसाठी ठेवा, भरल्या पोटी पायऱ्यांवर बसवत नाही.

सामना बघायला जाणाऱ्यांसाठी थोडं. हंगाम साधारण हिवाळ्यात सुरू होतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर संपतो. चषक स्पर्धांच्या तारखा महिनाभर आधी कळत नाहीत, त्यामुळे स्थानिक वर्तमानपत्रावर लक्ष ठेवा किंवा कोल्हापुरातल्या कुणा एकाला फोन करा, कुणीही सांगेल. मोठा सामना बहुतेक चारचा असतो, त्याआधी दोनला एक होतो. चारच्या सामन्याला तीनलाच जा. तिकीट किरकोळ, जागा मात्र पायरीवर जी मिळेल ती. उन्हाकडे पाठ होईल अशी बाजू धरा, टोपी आणि बसायला जाड टॉवेल न्या. आणि कुठल्या तालमीचे लोक कुठं बसतात ते गेटवर विचारूनच वर चढा. कपडे शक्यतो बिनरंगी. लेकीचा आवडता टी-शर्ट मामींनी घरीच उतरवून ठेवायला लावला, कारण त्याचा रंग समोरच्या तालमीचा निघाला. म्हणजे मामींच्या माहेरचा. त्यांनी तो घडी घालून कपाटात ठेवला आणि म्हणाल्या, "मी मोबाईलवर बघतो. हिथंनंच." कोल्हापूरच्या जुन्या बायका अजून 'मी बघतो, मी जातो' असंच बोलतात. आता इथले सामने यूट्यूबवर थेट दिसतात, समालोचनासकट, आणि मामी एकही सोडत नाहीत.

शनिवार, दुपार

राजर्षी शाहू स्टेडियमच्या बाहेर दीडशे पावलांवरूनच हलगी ऐकू आली. हलगी, घुमकं आणि कैताळ, कुस्तीच्या फडात वाजतं ते सगळं इथं पायऱ्यांवर. आत शिरताना वरून ऊन, खालून तापलेली फरशी. समोरच्या बाजूला मामींच्या माहेरचे लोक, मधे पोलिसांची ओळ, आणि आमच्याकडे मामांची पेठ : रिक्षावाले, सराफी दुकानातले कारागीर, कॉलेजची पोरं, दोन निवृत्त शिक्षक. बायका आमच्या भागात मोजून नऊ. मी मोजल्या. त्यातल्या एकीनं सरकून आम्हाला जागा दिली आणि पहिला प्रश्न केला, "कुणाची तुम्ही?" मामांचं नाव सांगितल्यावर पुढं काही विचारावं लागलं नाही, डब्यातली चिंचेची गोळी लेकीच्या हातात आली.

संघ उतरले. लेकीनं पाच नंबर लगेच ओळखला. सकाळी म्हशीपाशी वाकलेला तो हाच का, असं मला दोनदा वाटलं. मैदानात तो उंच दिसत होता. त्याच्यासमोर आमच्या पेठेचा स्ट्रायकर, नायजेरियाचा. इथल्या तालमी काही वर्षांपासून आफ्रिकेतले खेळाडू आणतात. हा आमच्याच पेठेत भाड्यानं राहतो, समोरच्या घरातून त्याला भाकरी जाते, असं शेजारच्या बाईंनी सांगितलं. पास चुकला तेव्हा त्यानं आपल्याच हाफला, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूला, दिलेली हाक आम्हाला खालून स्पष्ट ऐकू आली : "बघ की, भावा!"

फुटबॉल कसं होतं? आपण टीव्हीवर बघतो तसं नाही. चेंडू हवेत जास्त, पहिला टच जड, गर्दीचा आवाज चढला की पास द्यायच्या जागी फटका. पण दोन गोष्टी टीव्हीवर कधीच दिसत नाहीत. एक म्हणजे आवाज. दोन शरीरं आपटतात तेव्हा होणारा बद्द असा आवाज, गोलकीपरचं ओरडणं, दम लागलेला श्वास. आणि दुसरी म्हणजे बघणाऱ्यांची ओळख. आमच्यामागे बसलेले एक काका प्रत्येक खेळाडूला त्याच्या घरातल्या नावानं हाक मारत होते. विंगर घसरला तेव्हा "आरं पिंट्या, उठ की, आई बघालीया" हे त्यांनी पोटतिडकीनं म्हटलं, आणि खरोखरच दोन पायऱ्या खाली एक बाई डोळ्याला पदर लावून उभी राहिली.

अर्ध्या तासानं आमच्या पेठेनं गोल केला. कॉर्नरवर चेंडू आला, नायजेरियन उंच उडाला, पाच नंबर त्याच्यासोबत उडाला, दोघांच्याही डोक्यावरून चेंडू गेला आणि मागून आलेल्या एका बुटक्या हाफनं तो मांडीनं ढकलला. गोल मांडीचा. पायऱ्या हलल्या म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. हलगीवाला हलगी विसरून नाचला. मामांनी मला मिठी मारली. माझ्या लग्नातही मारली नव्हती.

लेक मात्र पाच नंबरकडे बघत होती. त्यानं जाळ्यातून चेंडू काढला, पळत मध्यरेषेवर नेऊन ठेवला आणि आपल्या संघातल्या सगळ्यात लहान पोराच्या, अकरा नंबरच्या, डोक्यावर टपली मारली.

हाफ टाइमच्या आधी त्यानं घसरत जाऊन एक टॅकल केला. गोल होणारच होता, त्यानं चेंडू तेवढा काढून घेतला, माणसाला स्पर्शही न करता. लेकीनं टाळी वाजवली. आमच्या अख्ख्या भागात एकटीनंच. पुढच्या पायरीवरचा एक तरुण झटकन वळला. मी पुढं सरकले. त्यानं लेकीकडे बघितलं, मग मामांकडे, आणि तोंडातला शब्द गिळून पुन्हा समोर बघायला लागला. थोड्या वेळानं मान न वळवता म्हणाला, "टॅकल चांगला हुता."

सगळं असंच गोड नव्हतं. हाफ टाइमला दोन्ही बाजूंनी शिव्या सुरू झाल्या, घरादाराच्या. समोरून एक बाटली आली, इकडून दोन गेल्या. पोलीस मधे शिरले, काठ्या आपटल्या, खेळ सुरू व्हायला उशीर झाला. शेजारच्या बाईंनी लेकीचे कान झाकले. मामा खाली मान घालून बसले होते. अशा हुल्लडीपायी सामने अर्ध्यात थांबलेले, स्पर्धा बंद पडलेल्या त्यांनी आयुष्यात अनेकदा बघितल्यात. मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. ज्या पोरांनी सकाळी म्हशीची धार काढून दुपारी खेळायचं, त्यांचा हंगाम बाटली फेकणाऱ्यानं का हिसकावून घ्यावा? पेठेची इज्जत ज्याला राखायची त्यानं आधी हात खाली ठेवावेत.

उत्तरार्धात दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, आणि पन्हाळ्याच्या बाजूनं आभाळ काळं झालं. वळीव. आधी वारा आला, झेंडे उलटे झाले, मैदानावरची धूळ आमच्या दातात. मग टपोरे थेंब, इतके मोठे की तापलेल्या फरशीवर पडल्यावर चर्र असं वाजत होतं. कुणी उठलं नाही. लोकांनी बुडाखालची वर्तमानपत्रं डोक्यावर घेतली. मातीचा वास एकदम उसळला. लेक तोंड वर करून, जीभ बाहेर काढून बसली होती.

पंचांनी खेळ चालू ठेवला. आणि पावसानंच बरोबरी केली म्हणायची : आमच्या गोलकीपरला मागे दिलेला साधा पास, गोलक्षेत्राच्या कडेला पाणी साचलेलं, चेंडू तिथं येऊन थबकला. गोलकीपर पुढं आला, पाय घसरला. तो लहानसा अकरा नंबर कुठून आला कळलंच नाही, त्यानं पाण्यासकट चेंडू आत लोटला. समोरची बाजू उसळली. आणि त्याच क्षणी माझा फोन वाजला. मामी. त्या काही बोलल्याच नाहीत. नुसतं हसणं ऐकू आलं, आणि मागून कुकरची शिट्टी.

शेवटची दहा मिनिटं दोन्ही संघ दमले होते. पाच नंबरच्या पोटरीत गोळा आला. तो खाली बसला, आणि त्याचा पाय सरळ करून अंगठा मागे दाबायला धावून गेला तो आमचा नायजेरियन. दोन्हीकडचे लोक क्षणभर गप्प झाले. पाच नंबरला बाहेर काढावं लागलं; बाहेर बसून तो पाठमोरा राहिला, मैदानाकडे बघेचना.

१-१. थेट टायब्रेकर. चिखलात पाच-पाच किक. आमच्या पेठेची तिसरी किक खांबाला लागली, पाचवी त्यांच्या गोलकीपरनं उजवीकडे झेपावून अडवली. त्यांची एकच हुकली. ४-३ नं मामींचं माहेर फायनलला गेलं.

लोक ओल्या अंगानं शांतपणे उतरले. मागचे काका जाता जाता जाळीपाशी थांबले आणि खांबाला मारलेल्या पोराला म्हणाले, "घरला जा. जेव आधी."

शनिवार, रात्र

भेळ राहिली. मामा सरळ घरी निघाले आणि आम्ही त्यांच्या मागून. वाटेत चार जणांनी "काय झालं?" विचारलं, चौघांनाही उत्तर माहीत होतं.

मामींनी तांबडा-पांढरा केला होता. पांढरा रस्सा आधी वाटीनं प्यायचा असतो : मटणाचं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, खसखस-काजूचं वाटण, वर अख्ख्या मसाल्याचा वास. मग तांबडा, चटणीचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा. (हॉटेलात मागवलात तर रस्सा बहुधा पुन्हा वाढतात, भातासाठी पोटात जागा ठेवा.) मी वाट बघत होते की मामी आता काही बोलतील. माहेर जिंकलं होतं. त्यांनी सगळ्यात पहिलं ताट मामांपुढं ठेवलं, त्यात नळी घातली, मग आमची ताटं घेतली. नंतर स्वयंपाकघरात मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पस्तीस वर्षं झाली. जो हरंल त्याला आधी वाढायचं, आणि सामन्याचं सकाळपर्यंत काढायचं न्हाई. मागच्या वर्षी माझं माहेर हरलं तवा ह्यांनी पोहे केलंतं."

जेवण झाल्यावर मामा लेकीला म्हणाले, "तो टॅकल तू बघितलास न्हवं? दुसऱ्यानं केला असता तर पेनल्टी गेली असती."

रविवार

बस दहाची. सहाला लेक स्वतःच उठून तयार. मामा आम्हाला शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानावर घेऊन गेले. रात्रीच्या पावसानं कडेला तळी साचलेली, मधल्या कोरड्या पट्ट्यात तीन-चार गट सराव करत होते. त्यात सहा मुली होत्या. लेकीनं माझ्याकडे बघितलं, मी काही म्हणायच्या आत त्यांच्यातल्या एकीनं हाक मारली, "येतीस काय? एक कमी हाय." अर्धा तास ती चिखलात खेळली. परत आली तेव्हा मोजे ओळखू येत नव्हते, आणि तिनं मला पहिल्यांदा "लई भारी" असं म्हटलं.

तिथून गंगावेस. तिला पाच नंबरला भेटायचं होतं, आता बोलायला हरकत नव्हती. कट्ट्यावर म्हशी तशाच, पितळी भांडं तेच, पण वडील एकटे. दूध तेच ओतत होते.

मामांनी विचारलं, "पोरगं?"

"झोपलंय. रात्रभर पाय शेकत हुतं. आई म्हणाली उठवू नका." त्यांनी लेकीच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे बघितलं. "काल टाळी वाजवल्याली ती हीच काय? मोबाईलवर दिसली म्हणालं पोरगं. तुमच्या बाजूला बसून."

लेक लाजून माझ्या मागे गेली. त्यांनी हात उंच नेला आणि ग्लास काठोकाठ भरला, फेस बाहेर ओघळेपर्यंत. पैसे काही केल्या घेतले नाहीत. तिनं या वेळी न थांबता आधी फेस प्यायला.